मानशीबद्दल लिहिलं आणि माणसं भेटत गेली

खाजन शेती हा विषय असा आहे की ज्यांच्या गावात ती आहे त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही आणि ज्यांच्या गावात नाही त्यांना ती काय असते हेच माहीत नसतं. मी माझ्या ब्लॉगवर त्याबद्दल लिहायला घेतलं ते मधल्या लोकांसाठी, म्हणजे माझ्या वयाचे, जे गावातच वाढले पण शेतात फारसे उतरले नाहीत, रोज फोंड्याला नाहीतर पणजीला नोकरीला जातात, बांधावरून स्कूटर नेतात आणि खाली काय चाललंय तिकडे मान वळवून बघत नाहीत. आमचा गाव फोंडा तालुक्यात, झुआरीच्या काठाला. खाजन म्हणजे नदी-खाडीकाठची सखल शेतजमीन, तिथं भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून माती आणि चिऱ्यांचा बांध घातलेला असतो आणि बांधात ठरावीक जागी लाकडाची दारं बसवलेली असतात, तीच मानस. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि दार बाहेर उघडतं, भरती आली की बाहेरचं पाणी दाबतं आणि दार बंद होतं, मोटर नाही, वीज नाही, चंद्र वर आहे तोवर चालणार. पावसाळ्यात भात, कोरगुटसारखं थोडा खारटपणा सोसणारं, आणि कापणी झाली की तेच खारं पाणी आत घ्यायचं आणि मासळी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, काढायची. गोव्यात अशी साधारण १८ हजार हेक्टर जमीन सांगतात आणि ती सगळी शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी समुद्राकडून एकेक हात करून मिळवलेली आहे.

तर मी लिहिलं ते एवढंच. मानस कशी चालते, आमच्याकडे ती कुठे आहे, लहानपणी रात्री पेट्रोमॅक्स घेऊन माणसं मानशीवर जाळं लावायला जायची ते मला जेवढं आठवतं तेवढं. आणि शेवटी सरळ विचारलं की मानशीचा, म्हणजे तिथं मासे धरायच्या हक्काचा, लिलाव पूर्वी कसा व्हायचा, त्या पैशांचं पुढे काय करायचे, हे ज्यांनी बघितलंय त्यांनी कृपा करून सांगा.

नंतर एका संध्याकाळी आमच्या वाड्यावरचे एक आजोबा दारात आले. ऐंशीच्या पुढचं वय, हातात मोबाईल नाही, नातवानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. काठी भिंतीला लावली, सोप्यावर बसले आणि म्हणाले, "आगो बाय, गजाल अर्दीच सांगल्या तुवें." मग उरलेली अर्धी सांगायला त्यांना जेवणवेळ झाली. लिलाव देवळाच्या मंडपात कसा व्हायचा, बोली कोण लावायचं आणि कोण मुद्दाम गप्प बसायचं, मानस घेणाऱ्यानं फळ्यांची काळजी कशी घ्यायची, भात उभं असताना मासळीच्या लोभानं खारं पाणी आत सोडलं तर गाव त्याला काय करायचा, बांध फुटला की मध्यरात्र असली तरी घरटी एक माणूस हजर राहायचाच, आणि ज्या घरात पुरुष नाही त्या घरातून बाई पाटी घेऊन जायची. मी आपली लिहून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, हे सगळं तुला कशाला हवंय? मी म्हटलं लोक वाचतात म्हणून. त्यांना ते फार खरं वाटलं नाही बहुतेक, पण बोलायचे थांबले नाहीत.

मी ते दुसऱ्या भागात घातलं, त्यांच्या परवानगीनं, त्यांनी सांगितलं तसं. आणि तिथून जे सुरू झालं त्याच्याबद्दल मला आज लिहायचंय, कारण मला वाटतं ब्लॉग लिहिण्याचा खरा उपयोग हाच आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही, सगळे आपले व्ह्यूज आणि फॉलोअर्सबद्दल बोलतात.

शेजारच्या गावातल्या एक मामी, माझ्या मावशीच्या ओळखीतल्या, त्यांनी निरोप पाठवला की बांध, मानस, लिलाव हे सगळं झालं, पण लावणी कोण करायचं, उकड्या तांदळाची भाटी रात्रभर कोण जागवायचं, मानशीचे मासे घेऊन पहाटे बाजारात कोण बसायचं, ते कधी लिहिणार? मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी भात उकडण्यापासून ते सुंगटं सुकवण्यापर्यंत सगळं सांगितलं, शिवाय एका जुन्या वहीत लावणीच्या वेळी म्हणायची गाणी लिहून ठेवली होती ती दाखवली. जहाजावर नोकरीला असलेल्या आमच्याच गावच्या एकानं कुठल्यातरी बंदरातून फोटो पाठवला, त्याच्या आजोबांच्या हातात जाळं आहे आणि मागे जुनी मानस दिसतेय, आता त्या जागी काँक्रीट आहे. एका हायस्कूलच्या मास्तरांनी विचारलं की मुलांना घेऊन येऊ का, आणि ओहोटीची वेळ बघून खरंच घेऊन आले, आजोबांना खुर्ची बांधावर नेऊन दिली आणि पोरं त्यांना प्रश्न विचारत होती. गेल्या मे महिन्यात मानशीच्या फळ्या बदलायच्या होत्या तेव्हा कूळ संघटनेच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्यांच्या संघटनेच्या, माणसांबरोबर काही नोकरीवाली पोरंही आली, सुट्टीच्या दिवशी, कुणी बोलावलं नव्हतं. त्यातल्या एकानं मला सांगितलं की वाचल्यानंतर तिकडून जाताना बघायची सवय लागली, मग फळी कुजलेली दिसली.

यात नवीन माहिती अशी काहीच नव्हती. सगळी गावातच होती, पण प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि ज्याच्याकडे तुकडा होता त्याला वाटत होतं की हे सगळ्यांना माहीतच असणार. आजोबांना मामींचं माहीत नव्हतं आणि मामींना लिलावातलं राजकारण माहीत नव्हतं, जहाजावरच्या मुलाला आपल्या घरात फोटो आहे हे माहीत होतं पण तो कशाचा आहे हे नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदा लिहून मधे ठेवल्याशिवाय हे तुकडे एकमेकांजवळ येत नाहीत. तोंडी सांगितलेलं ज्याला सांगितलं त्याच्यापाशी थांबतं. लिहिलेल्यात मात्र दुसरा माणूस सहा महिन्यांनी येऊन भर घालू शकतो, तिसरा येऊन म्हणू शकतो की असं नव्हतं, आमच्या भागात वेगळं होतं, आणि ते दोन्ही एकाच ठिकाणी राहतं.

आणि लिहिणाऱ्याला सगळं माहीत असण्याची गरज नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उलट ज्या लेखात सगळं बंद करून टाकलेलं असतं, सुरुवात मध्य शेवट एकदम टापटीप, तिथं वाचणारा फक्त छान म्हणून निघून जातो कारण त्याला शिरायला जागाच नसते. मी प्रत्येक वेळी एखादी गोष्ट उघडी ठेवते, खरंच जी मला विचारायची असते ती. लोकांना मदत करायला आवडतं, फक्त नक्की काय हवंय ते त्यांना सांगावं लागतं.

आता थोडं मागे जाते, कारण गोव्यात राहून या विषयावर बोलताना जुन्या गोष्टी सोडून चालत नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ मध्ये, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात, हे आपण शाळेपासून अभिमानानं सांगतो. १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओव्यांमध्ये, मराठीत, अक्षरं मात्र रोमन. इतकं लवकर यंत्र आपल्याकडे आलं. पण पुढचं आपण सांगत नाही की सतरावं शतक संपायच्या आधीच इथली छपाई थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडलं, तेही सरकारी गॅझेट छापण्यासाठी. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयनं लोकांची बोलीच बंद करायचं फर्मान काढलं होतं. म्हणजे यंत्र होतं, भाषा होती, लिहिणारे होते, आणि तरी जवळजवळ दीडशे वर्षं शांतता. साधन असणं आणि माणसांना आपसात बोलायची मोकळीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे आणि विचारायला कुणी येत नाही, तेव्हा मला ते दीडशे वर्षं आठवतात आणि वाटतं की ही मोकळीक अशी वाया घालवायची नाही.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले आणि लगेच बघा काय झालं, दोन वर्षांत केप्यासारख्या लांबच्या गावातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंनी 'भारत' हे वर्तमानपत्र सुरू केलं, मराठी, पोर्तुगीज आणि कोंकणी, तिन्ही भाषांत. केपे त्या काळात काय होतं याची कल्पना करा, रस्ते कसले, वाहनं कसली. पण त्यांना आपल्या लोकांशी बोलायचं होतं आणि लोक तीन भाषांत वाचत होते तर तिन्ही भाषांत लिहिलं, भाषेवरून भांडत बसले नाहीत. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत परत सेन्सॉर आला, छापण्याआधी सगळं दाखवायचं, लग्नाच्या पत्रिकासुद्धा. ज्या सरकारला लग्नाच्या पत्रिकेची भीती वाटते त्या सरकारला बरोबर कळलेलं असतं की चार माणसं लिहिलेल्या कागदाभोवती जमली की काय होऊ शकतं.

पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यानंतर तीन महिन्यांत, मार्च १९६२ मध्ये, 'गोमन्तक' हा मराठी पेपर निघाला आणि पुढच्या वर्षी मडगावातून 'राष्ट्रमत'. आणि मग १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की वेगळा राहायचा. यातली एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते, ती ही की दोन्ही बाजू मराठी पेपरांतून भांडत होत्या. गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूनं, राष्ट्रमत विरोधात, आणि उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर राष्ट्रमतमध्ये लिहीत होते ते मराठीतच. एका माणसाचा आवाज, ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा येणारा, वाचणारे वाट बघणारे, आपल्या आजच्या भाषेत तो ब्लॉगच की. निकाल लागला तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं आणि बाजूनं १,३८,१७०. आमच्या घरात दोन्हीकडची मतं पडली होती, आजोबा एका बाजूला आणि त्यांचे सख्खे भाऊ दुसऱ्या. घरात दोन्ही पेपर यायचे, एकमेकांचे पेपर वाचून मग भांडायचे, आणि चवथीला एकाच गणपतीसमोर आरतीला उभे राहायचे. मी हे ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही, पण घरात हे अजून कौतुकानं सांगतात.

समाज म्हणजे सगळे एका मताचे असणं असं मला वाटतच नाही. वाचून, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेऊन भांडता येणं म्हणजे समाज. खाण हवी की नको, कॅसिनो, जमिनीचं रूपांतर, मराठी-कोंकणी, यातल्या कुठल्याही विषयावर आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकून बघा, पाच मिनिटांत कोणीतरी लेफ्ट झालेला असतो. कारण तिथं दोन ओळीच असतात, मागचं पुढचं काही नाही, आणि कुणी लिहिलंय तेही कित्येकदा माहीत नसतं, कुठूनतरी फॉरवर्ड. त्याच विषयावर एखाद्यानं बसून पानभर लिहिलं, आपलं नाव घालून, मी असा विचार का करतो, माझं घर यावर चालतं, माझ्या विहिरीचं पाणी असं झालं, तर न पटणारा माणूससुद्धा शेवटपर्यंत वाचतो आणि उत्तर देताना तोंड सांभाळतो. मी खाणीवर लिहिलं तेव्हा खाणीच्या ट्रकवर पोट असलेल्या एका गृहस्थांनी मला लांबलचक उत्तर लिहिलं. माझं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं मलाही सगळं पटलं नाही. पण ट्रक बंद झाले तेव्हा बँकेचा हप्ता, पोरांच्या फिया, हे त्यांनी जे लिहिलं ते वाचल्यानंतर मी त्या विषयावर पुन्हा कधीही पहिल्यासारखं लिहू शकले नाही, आणि आज आमची दोन्ही घरं एकमेकांकडे जातात-येतात. त्यांच्या मिसेसनी मला खतखत्याची, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाजीची, त्यांच्या घरची पद्धत शिकवली, तो वेगळा विषय.

भाषेचं पण सांगते कारण मला हे विचारलं जातं. घरात आम्ही कोंकणी बोलतो, भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, पेपर मराठीत, दुकानात दोन्ही, ऑफिसात इंग्लिश. हे सगळं एकाच दिवसात होतं आणि कुणाला त्रास होत नाही. मी मराठीत लिहिते कारण लिहायला माझा हात त्यात वळतो, पण माणूस जे कोंकणीत बोलला ते मी कोंकणीतच ठेवते, ते मराठी करून घालत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथले लोक तर वाचतातच, पण सिंधुदुर्गातून, बेळगावातून, कारवारकडून लोक लिहितात की आमच्याकडे पण असंच आहे, आणि मग कळतं की तालुका, जिल्हा, राज्य या रेषा कागदावर आहेत, खाडीचं पाणी आणि भात त्या मानत नाही. दोडामार्गच्या एका ताईंनी आपल्याकडच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-माडाच्या बागेतल्या, पाण्याच्या पाटाबद्दल एवढं सुंदर लिहून पाठवलं की मी म्हटलं हे तुम्ही माझ्याकडे कशाला पाठवता, तुमचं स्वतःचं सुरू करा. त्यांनी केलं. आता मी त्यांची वाचक आहे.

बाहेरचे लोक गोव्याबद्दल भरपूर लिहितात आणि दाखवतात, त्याला तोटा नाही. समुद्र, शॅक, फेणी, जुने बंगले. पण सत्तरीतल्या वाड्यावर पावसाळ्याच्या तोंडावर काय करून ठेवतात, फोंड्याच्या देवळांतले वाजवणारे घराणी कशी टिकवून आहेत, कुळागरात पाणी वाटून कसं घेतात, नाटकाच्या तालमी जत्रेच्या आधी रात्र रात्र कशा चालतात, प्रॉम्प्टर कोण असतो, स्त्री पार्ट करायला आधी कोण यायचं आणि मुली कधीपासून यायला लागल्या, हे बाहेरचा माणूस येऊन लिहिणार नाही आणि त्याची वाट बघण्यात अर्थ पण नाही. हे आपल्यालाच लिहावं लागेल आणि ते लिहायला साहित्यिक असावं लागत नाही. जसं बोलता तसं लिहा. आता तर बोलून टाइप होतं, फोनला सांगितलं की मराठी उमटतं. आधी काय त्रास होता ते जुन्या लोकांना विचारा, एकाच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन दिसायचं, फॉन्ट वेगळा म्हणून. युनिकोड, म्हणजे अक्षरांची सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी एकच पद्धत, सगळीकडे चालायला लागल्यावर ते संपलं. आणि त्याही आधीपासून लोकांनी नेटवर मराठी आणलं होतं, मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून आहे. गोव्यापुरतं बोलायचं तर गोवानेट त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, इंग्लिशमध्ये, जगभर पांगलेले गोंयकार ईमेलवरून एकमेकांशी बोलायचे. माणसाला आपल्या माणसांशी बोलायचं असतं, तो मार्ग काढतो.

एका लेखामुळे किती लांब काय होऊ शकतं याचं गोव्यातलं उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं ते धर्मानंद कोसंबींचं. सांकवाळचा मुलगा, शिक्षण फारसं नाही, घरची माडाची बागायत बघायची, लग्न झालेलं, मनात सतत घालमेल. १८९७ च्या सुमाराला त्यांच्या हातात 'बालबोधमेवा' नावाचं मासिक पडलं, लहान मुलांचं, मराठी, त्यात बुद्धाच्या चरित्रावर लेख होता. त्यांनी 'निवेदन' या आपल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. त्या लेखानं त्यांना असं काही पकडलं की ते पुढे घर सोडून निघाले, पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, संस्कृत शिकले, पाली शिकले, भिक्षू झाले, परत आले, हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथांवर काम केलं, आणि मग बुद्धाबद्दल मराठीत एवढं लिहिलं की महाराष्ट्रातल्या घराघरांत तो विषय गेला. त्यांचा मुलगा दामोदर म्हणजे डी. डी. कोसंबी, गणितात आणि भारताच्या इतिहासात त्यांचं काम केवढं, त्यांच्या नावानं पणजीला विचार महोत्सव भरतो, कला अकादमी भरून जाते. मी तो महोत्सव ऐकायला जाते तेव्हा मला तो मुलांचा लेख आठवतो. लिहिणाऱ्यानं मुलांसाठी चार पानं लिहिली असतील, त्याला सांकवाळ कुठं आहे ते कदाचित ठाऊकही नसेल.

म्हणून मला कुणी म्हटलं ना की तुझं वाचतात किती जण, शंभर? तर मला त्याचं काही वाटत नाही. शंभर तर खूपच झाले. आमच्या वाड्यावर एवढी माणसं नाहीत. त्या शंभरातल्या पाच जणांनी उलट लिहिलं आणि एकानं स्वतःचं सुरू केलं तर मला आणखी काय पाहिजे.

एक मात्र काळजीची गोष्ट आहे आणि ती मी जरा जोर देऊन सांगते, कारण मराठीत सुंदर लिहिलेलं बरंच असं गेलेलं आहे. जिथं लोक फुकट वेबसाइट करायचे ते जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, मधल्या मध्ये २०१३ ला गूगल रीडर गेला आणि लोकांचे एकमेकांचे ब्लॉग वाचायचे धागेच तुटले, पुष्कळ जणांनी त्यानंतर लिहिणं सोडलं. ज्या कंपनीच्या जागेत आपण लिहितो ती जागा आपली नसते. तेव्हा जे लिहाल त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा, आणि जे गावाबद्दल असेल त्याची प्रिंट काढून गावच्या वाचनालयात द्या. मी देते. आमच्या वाचनालयात एक फाइल केलीय, मागच्या वर्षीपासून तीत दुसऱ्यांचेही कागद यायला लागले, कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांनी जत्रेच्या नाटकांच्या जाहिराती जपून ठेवलेल्या त्याच्या झेरॉक्स. जे म्हातारे लोक स्क्रीनवर वाचत नाहीत ते तिथं बसून वाचतात आणि पेन्सिलनं कडेला लिहितात, मी ते बघून परत वर घालते. पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ पासून चालू आहे आणि तिला आता कृष्णदास शामा यांचं नाव आहे, सोळाव्या शतकात ज्यांनी ओव्यांमध्ये कृष्णकथा लिहिली ते. तिथं जाऊन जुन्या गोव्याच्या मराठी पेपरांचे अंक बघा एकदा, पिवळे पडलेले, पण आहेत. कुणीतरी ठेवले म्हणून आहेत.

सुरुवात कशावर करू असं विचारणाऱ्यांना मी सांगते की तुमच्या घराच्या शंभर मीटरच्या आतली एक वस्तू घ्या. विहीर, तुळशीवृंदावन, बंद पडलेली पोस्टाची पेटी, पिंपळाखालचा पार, काहीही. ते कुणी बांधलं ते चार जणांना विचारा आणि चौघांनी जे सांगितलं ते चौघांचं लिहा, एक बरोबर एक चूक असं करू नका. नाव घालायचं की नाही ते त्या माणसाला विचारूनच ठरवा. आणि कुणी उत्तर दिलं तर त्याला उत्तर द्या, फक्त हात जोडलेली इमोजी टाकू नका, त्याचं नीट वाचून दोन वाक्यं लिहा. माझे जे लोक जमलेत ते माझ्या लेखांनी कमी आणि या उत्तरांनी जास्त जमलेत असं मला वाटतं.

आता चवथ जवळ आलीय आणि या वेळी मला माटोळीवर लिहायचंय. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला रानातलं काय काय बांधतात, आंबाडे, कवंडळ, माट्टी, कांगण्यो, घागऱ्यो, सुपारीचे कात्रे म्हणजे घोस, तवशी, चिबूड, नीरफणस. फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात आता यातलं बरंच विकत मिळतं पण ते आणणारी माणसं कुठल्या रानात जातात, कुठली वेल आता दिसेनाशी झालीय, कुठल्या घरात कुठली वस्तू असल्याशिवाय माटोळी पुरी झाली असं मानत नाहीत, हे मला गोळा करायचंय. आमच्या घरी कात्रे उजव्या बाजूला आणि सगळ्यात आधी बांधतात, पेडण्याला पहिला नारळ. तुमच्याकडे काय पहिलं बांधतात, कोण बांधतं, रानातून कोण आणतं आणि कुठून, ते मला कळवा. फोटो असेल तर फोटो. सत्तरी आणि काणकोणच्या लोकांनी तर नक्की लिहा, तुमच्याकडे जे मिळतं ते आमच्याकडे मिळत नाही.